चांद्याचं पीठ

जव्हारच्या एसटी स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत रुचिरा बसली होती. वीटभट्टीवरून होळीला गावी निघालेली नवशी तिच्याच बाकावर टेकली होती, मांडीवर तिची पोर प्रगती झोपलेली. तेवढ्यात बाजार करून आलेली नवशीच्या गावची शेजारीण काकी समोर उभी राहिली, आणि दोघींचं बोलणं रुचिराच्या कानावर पडू लागलं.

“काकी! बरी हायस ना? आमचा चांद्या काय म्हणतो?”

“प्रगती केवढी झाली गो.”

“हिनं वाटभर डोकं खाल्लं. बिस्किटाचा पुडा फोडू देत नाय, चांद्याला हाय म्हणते. शाळंत न्यायला-आणायला तोच लागायचा ना हिला.”

“हां.”

“घराला कुलूप लावून गेलो, पण जिवाला घोर नव्हता. दारात तो भुंकायला व्हता. तुझ्याकडं ठेवलेलं नागलीचं पीठ पुरलं का त्याला?”

“उरलं.”

“किती?”

“डबा भरलेलाच हाय, नवशे.”

“भाकर टाकली नाय त्याला?”

“टाकली गो, दोन दिस. तुझ्या ओट्यावर तशीच सुकली. तुम्ही गेलात तवा टेम्पोमागं धावला तो. घाटाच्या वळणावर आमच्या माणसानं पाहिला. मग कुणालाच दिसला नाय.”

“टेम्पोमागं?”

“हां.”

“ही सांगत व्हती, आई, चांद्या येतो मागनं. मी म्हटलं, गप झोप, तो घर राखतोय.”

त्यांच्या गावाची, वांगणीची गाडी लागली. काकीनं पिशवी उचलली.

“चल, जागा मिळायची नाय.”

“जाऊ दे ही गाडी, काकी. पोर अजून झोपलीय.”