खोक्यातले आजोबा

“बटन बंद करायचं न्हाय, आन् का म्हनून इचारायचं न्हाय!” हा आमच्या घरातला नियम, आणि तो काढणारे कोण, तर थोरले चुलते, आबा! आजोबांच्या अंगावरून वारं गेलं, ते मागच्या खोलीत पडून. आबा दिवसभर पुढच्या सोप्यात, पानाच्या डब्याजवळ. मग म्हाताऱ्याकडे लक्ष कसं ठेवायचं? तर लग्नात भोंगे लावणाऱ्या महिपतीला बोलावलं, आजोबांच्या उशाशी स्टुलावर बटणाचा माईक, सोप्यात आवाजाचं खोकं, मधे परसातून वायर... आणि ही अक्कल कुणाची? माझी! सायन्सला आहे ना मी! आजोबांजवळ बसून सकाळचं प्रॅक्टिकल चुकायला नको!

पहिल्या दिवशी, तुम्हाला सांगते, अख्खी गल्ली लोटली. महिपती म्हणतो, “आजोबा, म्हना की, हॅलो हॅलो!” आजोबा म्हणाले, “धा वाजले, च्या न्हाय दिला कुनी.” आणि सोप्यात टाळ्या! आबा मांडीवर थाप मारून, “आवाज येतोय न्हवं? झालं तर!”

झालं कसलं? तेव्हापासून आजोबांजवळ बसणंच बंद. दोन वेळा ताट ठेवायला मी जायचे, तेही पळत. आजोबा खोकले, की आई खोक्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि खाली मान घालून म्हणते, “जी, मामंजी.” अगं आई, ते खोकं आहे! इकडचं तिकडे जात नाही त्यातून! आबांना सांगावं, तर “आवाज येतोय न्हवं?” वीज गेली, की आमचे आजोबा आजारीच नसतात!

आणि मी? मी मैत्रिणी आणून खोकं दाखवत होते हो...

परवा नातेपुत्याहून मला बघायला पाहुणे आले. खोकं बोललं, “पानी...” आबा म्हणतात, “आमचे वडील! किती सपष्ट, बगा!” पाहुणे म्हणतात, “लई भारी की!” आईनं पदर घेतला. “पानी... अगं सरू...” मी चहाचा ट्रे धरून उभी, आणि आबांनी डोळ्यांनीच खुणावलं, माईकची माहिती सांग. सांगितली की मी! चांगली दोन मिनिटं सांगितली! तिसऱ्यांदा माझं नाव आलं, तेव्हा कुठे ट्रे ठेवला नि धावले.

आजोबांचा चांगला हात स्टुलाकडे लांबलेला. स्टुलावर माईक. पाण्याचा तांब्या वर कोनाड्यात. तिथे कुणी ठेवला? मीच! माईकला जागा व्हावी म्हणून, पंधरा दिवसांपूर्वी!

तांब्या तोंडाला लावला, तर आजोबा म्हणाले, “तुमास्नी ऐकू येत हुतं व्हय?”



“सगळं,” मी म्हणाले. वर बघवेना.

तेवढ्यात सोप्यातून आबा, “सरे, भाईर ये! पावनं खोळंबल्यात!” मग मी माईकच हातात घेतला. “येणार नाही! मला बघून झालं असेल, तर आता आजोबांना बघायला या. आणि हे बटण मी बंद करतेय!”

केलं. परसापलीकडे सोपा चिडीचूप. पानाच्या डब्याचं झाकणसुद्धा वाजेना.

आजोबा दाराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “त्यास्नी ऐकू गेलं न्हवं?”

गेलं हो, चांगलं गेलं! पण कुणी जागचं हललं नाही... आई तेवढी, मागाहून कळलं, बंद खोक्यासमोर पदर घेऊन उभी होती. माझ्या आवाजाला!