मस्कतला पाठवलेलं गाऱ्हाणं

अरे, रेकॉर्डिंगवरून आठवलं. आमचा दादा तेव्हा मस्कतला. शिमग्याला रजा मिळाली नाही, तर फोनवर म्हणाला, "निदान पालखीपुढचं गाऱ्हाणं तरी ऐकव रे." गावच्या शिमग्याची सीडी होती, पण आमच्या रत्नागिरीच्या नेटवरून एवढी मोठी फाईल जाईना. म्हटलं, सीडी लॅपटॉपवर लावू नि माइकशिवाय नुसता आवाज आतल्या आत रेकॉर्ड करू.

सीडीतल्या गुरवाने देवाला साकडं घालायला सुरुवात केली, "परमुलखात गेलेल्या लेकरांना सुखरूप घरी आण रे म्हाराजा..."

गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला ऐकणाऱ्यांनी होकार द्यायची आमच्याकडे रीत. झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले बाबा झोपेत बोलल्यासारखे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मागोमाग स्वयंपाकघरातून आई, "व्हय म्हाराजा!"

नंतर ऐकतो तर काय, सेटिंग माइकवरच राहिलेलं. बाबा, आई, झोपाळ्याची कुरकुर, सगळं आत! मग सेटिंग बदलून पुन्हा स्वच्छ रेकॉर्ड केलं आणि दोन्ही पाठवली.

दादाचा फोन आला. "पहिलं ऐकताना बाबांच्या मागोमाग मीपण ओरडलो. खोलीतला मल्याळी दचकून उठला!"

"अरे, पण दुसरं स्वच्छ आहे ना?"

दादा म्हणाला, "त्यात मी दर वेळी बाबांसाठी थांबत होतो रे."