भुलीशिवाय टाके

हात ओढू नको, मगन — सुई मोडेल आत. दुखतंय? दुखणारच. भुलीच्या बाटल्या कोणी फोडल्या? मघाशी तूच ओरडत होतास ना — ‘बठ्ठं फोडा रे, एक बाटली ठेवू नका!’ — आणि माझ्या कपाटाच्या काचेत तुझाच हात गेला. आता भूल कुठून आणू, तुझ्या डॉक्टरकडून? त्यानं तर पायरीवरूनच हाकललं म्हणतोस, पोलिस केस आहे म्हणून. तुम्हा चौघांना सळया देऊन इथं पाठवताना नाही आठवली पोलिस केस! — हं, हा दुसरा. मार बोंब. ऐकू दे अख्ख्या नशिराबादला.

म्हणे नर्सनं स्वतःचा दवाखाना कसा काढला? काढला! बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं कोणी केली, त्यानं? साहेब होता नुसता तिथला. जामनेरकडची कलाबाई — बाळंत झाली आणि रक्त थांबेना. इंजेक्शन माझ्या ट्रेमध्ये. पण डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय नर्सनं टोचायचं नाही — नियम! माणूस धाडला ह्याच्या घरी, तर म्हणे जेवून येतो. मी नियम पाळला, मगन. ट्रे धरून उभी राहिले. एकोणीस वर्षांची पोर गेली, माझ्या चपला फरशीला चिकटत होत्या रक्तानं. त्यानं कागदावर लिहिलं — ‘सिस्टरनं वेळेत कळवलं नाही’ — आणि खाली सही कोणी केली? मी. नोकरीसाठी. तुला कशाला सांगतेय हे, नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं.

म्हणून शेवटी ती नोकरी सोडून हा दवाखाना काढला, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं — सिस्टर रुक्माबाई, डॉक्टर नाही. तीही फोडलीत. आणि खाटेवर लिलाबाई होती, आठवा महिना, त्या खाटेला लाथ घातलीस तू! तेव्हा माझ्या हातात कात्री होती, तुझा गळा हातभर अंतरावर — खरं सांगते, घालणारच होते. लिलाबाई किंचाळली म्हणून वाचलास.

दाराकडे काय बघतोस सारखा? जीप थांबली वाटतं. कोणाची रे? — बोल की! — अस्सं, पोलिसांची. हाकललं नाही त्यानं, पाठवलं. डॉक्टर नसून टाके घालताना मला रंगेहाथ धरायचं. आणि तू हा फाटलेला हात घेऊन तासभर त्याचं ऐकत बसलास, गाढवा?

उठू नको! शेवटची गाठ राहिलीय. वाजवू दे दार. अर्धी सोडली तर पुन्हा उकलेल सगळं... झालं. पाणी लावायचं नाही. आठ दिवसांनी टाके काढायचे, कोणाकडे ते तू बघ. जा आता. कडी काढ.