मावशींच्या गडग्यातला बाण

हसू नका, पण आमची डोंगरवाट तीन महिने एका मावशींच्या स्वयंपाकघरात संपत होती.

अलिबागहून दिघीपर्यंतची ती वाट आम्ही दहा-बारा जण हौसेनं सांभाळतो. सुट्टीला जायचं, झुडपं तोडायची, वळणावळणाला दगडांवर पांढरे बाण रंगवायचे. तर वाटेतल्या एका तळ्याच्या बाजूनं चालणाऱ्यांचे फोन यायला लागले. "बाण बघत गेलो आणि कुणाच्या तरी घरात पोचलो. चहा मात्र फक्कड होता."

शेवटी मी रंगाचा डबा घेऊन गेलो. झालं होतं असं, की पावसात मावशींच्या अंगणाचा गडगा ढासळला. मुलगा-सून मुंबईला, म्हणून त्यांनी एकटीनंच जवळपासचे दगड गोळा करून भिंत पुन्हा रचली. त्यात आमचाही दगड लागला, बाण थेट दाराकडे करून.

मी म्हटलं, "मावशी, हा दगड आमचा. वाट दाखवायला ठेवला होता."

"व्हय, दाखवतोय की. रोज कोन ना कोन येतंय."

"पण लोक वाट चुकतात ना."

"चुकून आलेला कोनी उपाशी गेला न्हाय."

मी म्हटलं, राहू दे दगड, वाटच तुमच्या अंगणातून नेतो. पुढं जायचा बाण परसात काढतो. ब्रश बुडवला, तोच त्या म्हणाल्या, "च्या पिऊन झाल्यावर दिसंल असा काढा."

आता तो बाण मागच्या मोरीपाशी आहे. कप विसळायला गेल्याशिवाय दिसत नाही.