मालनबाईंचे जुने घर रिकामे असल्याची माझी नोंद

जबाब, दिनांक १२ मे २०२६, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

नाव गहिनीनाथ सखाराम फुंदे, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी गवंडीकाम, हल्ली शेती व गावच्या घरबांधणी देखरेख समितीचा सदस्य, शिक्षण दुसरी, पुढचे आपले आपण. राहणार बोरदरा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर.

प्रथम सर्वांची खुशाली विचारतो. ठाण्याच्या साहेबांची तब्येत बरी असावी. जबाब घेणाऱ्या हवालदार ज्ञानेश्वरीताई भूकंपाच्या वेळी आमच्या गावात चार दिवस होत्या, त्यांच्या सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले का ते विचारले, झाले म्हणाल्या. दारावरच्या शिपाईदादांचा खोकला अजून आहे, त्यांनी अडुळसा घ्यावा. बाहेर बाकावर बसलेल्या गोरक्ष तुळशीराम बटुळे, वय २१, याने सकाळपासून काही खाल्ले का, तेही विचारले. त्याने चहासुद्धा घेतलेला नाही. याच मुलासाठी मी आलो आहे. माझ्या अक्षराची मला सवय आहे म्हणून ताईंच्या परवानगीने जबाब माझ्या हाताने लिहितो, तो असा की,

जेसीबी चालक अंगद शिरसाट यांनी काल अर्ज दिला आहे की, गोरक्षने त्यांच्या यंत्राची किल्ली पळवली व सरकारी कामात अडथळा आणला. किल्ली गोरक्षने घेतलेली नाही. ती मी घेतली. आज ती मी ताईंच्या टेबलावर ठेवली आहे.

दिनांक २६ डिसेंबर २०२४ रोजी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास आमच्या गावाला भूकंपाचा धक्का बसला. माणसे रानात होती म्हणून जीवितहानी झाली नाही. एक्केचाळीस घरे राहण्यालायक राहिली नाहीत. शासनाने त्या घरांना गायरानाच्या माळावर नवीन घरे मंजूर केली. काम कुठवर आले ते पाहण्यासाठी ग्रामसभेने तिघांची समिती केली. मी गवंडी आणि लिहिता येते, म्हणून रजिस्टर माझ्याकडे आले.

दर सोमवारी सकाळी आठ वाजता मी घरोघर फिरतो. पाया, जोते, खालचा पट्टा, दरवाजावरचा पट्टा, छत, असे रकाने आहेत. बरोबर कंत्राटावरच्या अभियंता निकिता मॅडम असतात. त्या मोबाईलवर फोटो काढतात व पाण्याच्या टाकीवर चढून वर पाठवतात, कारण रेंज तिथेच आहे. पट्टा म्हणजे भिंतीत चारी बाजूंनी फिरवलेला सिमेंट आणि गजांचा पट्टा. भूकंपात भिंती एकमेकींना सोडत नाहीत त्या त्याच्यामुळे. पहिल्या महिन्यात मॅडमनी मला विचारले होते, "नाना, तुमच्या काळात पट्टा नव्हता, मग भिंती कशाने धरायच्या?" मी सांगितले की, कोपऱ्यात लांब दगड आडवे-उभे घालायचो आणि बाकीचे माणसांवर सोडायचो. त्या हसल्या, पण वहीत कोपऱ्याच्या दगडाचे चित्र काढून घेतले. पोर शिकणारी आहे.

आजअखेर तेहतीस घरे पूर्ण आहेत, सहा छताला आली आहेत, दोन जोत्यावर अडली आहेत.

रजिस्टरात शेवटचा रकाना आहे, जुने घर रिकामे केले का. रिकामे लिहिले की त्या घराचे नाव पाडकामाच्या यादीत जाते. पडक्या भिंतीखाली कुणी सापडू नये म्हणून ते बरोबरच आहे.

दिनांक २७ एप्रिल रोजी मी मालनबाई तुळशीराम बटुळे, वय ५८, यांच्या जुन्या घरापाशी गेलो. मालनबाई गोरक्षची आई. भांडी, गोधड्या, कणगी, दोन शेळ्या, सर्व माळावरच्या नव्या घरात गेलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. जुन्या घराचे दार उघडे होते. आत ओटा स्वच्छ सारवलेला दिसला. सारवलेल्या घरात चप्पल घालून जात नाहीत. ऊन फार होते, पायाला भेगा होत्या, मी चप्पल काढायचा कंटाळा केला. उंबऱ्याबाहेरून नजर टाकली आणि रिकामे असे लिहिले. पडके घर बाई कशाला सारवील, हे माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही.

आत देव होते.

ताईंनी विचारले म्हणून खुलासा करतो. आमच्याकडे देवाचे टाक असतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले. घरच्या बाईने त्यांची रोज पूजा करावी, दिवा लावावा. पण एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचे तर भावकीतल्या थोरल्याच्या हातूनच. तोवर घरात एक भांडे नसले तरी ते घर रिकामे होत नाही. मालनबाई रोज सकाळ-संध्याकाळ माळावरून खाली येऊन देवळीत दिवा लावत होत्या. भिंतीतल्या कोनाड्याला आम्ही देवळी म्हणतो. नव्या घरांच्या नकाशात देवळी नाही.

मालनबाईंच्या घरात थोरले म्हणजे त्यांचे दीर भिमाजी. नऊ वर्षांपूर्वी मालनबाईंच्या मुलीच्या लग्नात पहिला फेटा भिमाजींना बांधायचा राहून गेला, गडबडीत दुसऱ्याच पाहुण्याला बांधला गेला. भिमाजी पानावरून उठून गेले. सात वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ, म्हणजे मालनबाईंचा नवरा तुळशीराम वारला, तेव्हा ते आले, खांदा दिला, आणि ओढ्यावर अंघोळ करून परस्पर गेले. घराची पायरी चढले नाहीत. दरसाल दिवाळीनंतर ते ऊसतोडीला जातात व चैत्र सरला की नगरजवळ नागापूरला मुलाच्या खोलीवर राहतात, तो तिथे कारखान्यात कामाला आहे. मालनबाईंनी हे समितीला सांगितले नाही. दिराचे गाऱ्हाणे रजिस्टरात कशी सांगेल बाई.

आता तुळशीराम व माझ्याबद्दल. ते घर मी बांधले आहे. सन १९८६ साली तुळशीरामचे लग्न ठरले आणि घर तीन खणांचे करायचे ठरले. दगड आम्ही दोघांनी ओढ्यातून बैलगाडीने आणला. लग्न आधी झाले, घर मागे राहिले, त्यामुळे नवरी घरात आली ती चिखलातच. मालनबाई अठरा वर्षांच्या होत्या. हळदीचे पाय घेऊन त्यांनी भिंतीचा गारा तुडवला. तुळशीराम तिला म्हणायचा की, तुझ्या हळदीने भिंत पिवळी आली तर गहिनी मजुरी वाढवून मागेल. देवळी कुठे ठेवायची यावरून आमचे भांडण झाले. मी म्हणालो, पूर्वेच्या भिंतीत दगड मोठा आहे, फोडावा लागेल. मालनबाईंनी वर न बघता सांगितले, "भावजी, देव उगवतीलाच बसू द्या." मी तो दगड दोन दिवस फोडला. संध्याकाळी तिघे नव्या जोत्यावर पाय सोडून भाकरी खायचो, वर छत नव्हते, समोर गर्भगिरीचे डोंगर दिसायचे. तशी भाकरी मग कुठे लागली नाही. हे जबाबात लिहायची गरज नाही असे ताई म्हणाल्या, मग म्हणाल्या, लिहा.

भूकंपात त्या घराच्या तीन भिंती गेल्या. पूर्वेची भिंत दारासकट उभी आहे, देवळी त्याच भिंतीत आतून.

काल दिनांक ११ मे रोजी सोमवार, माझ्या फेरीचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास अंगद शिरसाट जेसीबी घेऊन आले. मला म्हणाले, आज दोनच घरे आहेत, जेवायच्या आत उरकतो. पहिले नाव मालनबाईंचे होते. यंत्र दारासमोर आले तेव्हा मालनबाई आतून बाहेर आल्या, हात तेलाचा होता. त्या म्हणाल्या, "माझं देव आत हायत, बाबा. जरा दम धर."

अंगद म्हणाले, "मावशी, कागदावर घर रिकामं हाय. मी कागद बगून चालतो."

"कागद कुनी लिव्हला?" असे मालनबाईंनी विचारले. मी तिथून चार हातांवर उभा होतो. निकिता मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मालनबाईंनी पाहिले नाही.

गोरक्ष पळत आला व दोन्ही हात पसरून यंत्रासमोर उभा राहिला. त्याने शिवी दिली नाही, यंत्राला हात लावला नाही. अंगद त्याला समजावायला खाली उतरले. यंत्र बंद होते, किल्ली जागेवर होती. मी पायरीवर चढलो, किल्ली काढली व बंडीच्या खिशात टाकली. गुडघ्यामुळे मला चढायला वेळ लागला, पण अंगदची पाठ होती. गोरक्षचे तोंड माझ्याकडे होते. त्याने मला पाहिले.

खाली उतरून मी त्याच्या कानात सांगितले की, आईजवळ थांब, मी तुझ्या चुलत्याला घेऊन येतो. मग फाट्यावर जाऊन साडेदहाची एसटी धरली. अंगदची दुसरी किल्ली मालकाकडे नगरला होती. आपण चोरी करून निघालो आहोत हे मला एसटीत तिकीट काढताना सुटे पैसे शोधले आणि हाताला किल्ली लागली तेव्हा कळले. तरी मी उतरलो नाही.

नागापूरला दोनच्या सुमारास पोचलो. भिमाजी खोलीबाहेर बाजेवर बसून दोरी वळत होते. नऊ वर्षांत आम्ही बोललो नव्हतो, कारण मी तुळशीरामच्या बाजूचा. मी किल्ली बाजेवर ठेवली. पुढचे बोलणे असे झाले.

"ही कशाची?"

"जेसीबीची."

"चोरलीस?"

"व्हय."

भिमाजींनी किल्ली उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "एका फेट्यापायी तू या वयात चोर झालास व्हय रं, गहिनी." मी म्हणालो, फेट्याचे मला माहीत नाही, भिंत आज पडायची होती आणि देव आत आहेत. ते म्हणाले, "तुळश्याचं देव." मी म्हणालो, तुमच्या बापाचे. त्यांनी दोरी गुंडाळून बाजेखाली ठेवली, सुनेला हाक मारून टोपी मागितली आणि सुनेने जेवून जा म्हटले तर पाण्याचा तांब्या तेवढा तोंडाला लावला. चारची एसटी मिळाली. वाटेत ते एकदाच बोलले. मालनने दिवा एक दिवस तरी चुकवला होता का, असे विचारले. मी सांगितले, मला माहीत नाही, मी चप्पल काढून आत गेलो नव्हतो.

सायंकाळी सातला गावात पोचलो तेव्हा समजले की दुपारी पोलीस गावात आले, गोरक्षला चौकशीला नेले, आणि किल्ली कुठे आहे असे त्याला वारंवार विचारले. त्याने माहीत नाही एवढेच सांगितले. तो आठ वाजता घरी आला. मी त्याला म्हणालो की, माझे नाव का नाही सांगितलेस. तो म्हणाला, "नाना, तुमी देवासाठी गेल्ते. आल्यावर तुमीच सांगाल, आसं वाटलं."

आज सूर्य उगवताना भिमाजी अनवाणी जुन्या घराची पायरी चढले. मालनबाईंनी पदर डोक्यावर घेतला व बाजूला झाल्या. भिमाजींनी टाक ताम्हणात घेतले, लाल खणाने झाकले आणि माळावर नेले. नव्या घरात देवळी नाही म्हणून गोरक्षने पूर्वेच्या खिडकीशेजारी फळी ठोकली होती. देव ठेवल्यावर मालनबाईंनी दिराच्या पायावर पाणी घातले. त्यांचे आपसात काय बोलणे झाले ते मी सांगणार नाही, त्याचा या अर्जाशी संबंध नाही. मी बाहेर होतो. या वेळी चप्पल काढून बाहेर उभा होतो.

त्यानंतर मी चप्पल न घालताच जुन्या घरात गेलो, चारी कोपरे पाहिले आणि रजिस्टरात आजच्या तारखेने रिकामे असे लिहिले. २७ एप्रिलची नोंद खोटी आहे, ती माझ्या आळसाने झाली, तिच्यावर निकिता मॅडमची सही माझ्या भरवशावर आहे. त्यांना दोष देऊ नये. मालनबाईंनी पाडकामाला अंगठा दिला आहे. भिंत आता पाडायला कुणाची हरकत नाही. माझीसुद्धा नाही.

गोरक्षचे नाव सैन्यभरतीच्या यादीत लागले आहे. २० मे रोजी नगरला त्याची कागदपत्रे तपासणार आहेत. त्यात चारित्र्याचा दाखला लागतो व तो याच ठाण्यातून मिळतो. त्याच्या नावावर गुन्हा पडला तर त्याची चार वर्षांची पहाटेची धाव वाया जाईल. मी त्याला त्या माळावर पळताना पाहिले आहे, घरे होण्याच्या आधीपासून. गुन्हा नोंदवायचा असेल तर माझ्यावर नोंदवावा. किल्ली काढताना मी शुद्धीत होतो, मला कोणी सांगितले नव्हते, भीती घातली नव्हती. अंगद शिरसाट यांचा एक दिवस माझ्यामुळे बुडाला, त्यांची मी आज सकाळी माफी मागितली. ते म्हणाले, नाना, आधी मला सांगितलं असतं तर मीच किल्ली दिली असती. हे मला काल सुचले नाही.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला. ज्ञानेश्वरीताईंनी तो गोरक्ष आणि माझ्याबरोबर आलेल्या भिमाजींच्या देखत मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्या एके ठिकाणी थांबल्या, तिथेही दुरुस्ती नाही. सर्व मी सांगितल्याप्रमाणे खरे आहे.

साहेबांना विनंती की, जो काही निर्णय होईल तो वीस तारखेच्या आत लेखी कळवावा. आमच्याकडे टपाल मंगळवारी आणि शुक्रवारीच येते, म्हणून उशीर करू नये. उत्तर माझ्या नावाने न पाठवता गोरक्षच्या नावाने, माळावरच्या नव्या घराच्या पत्त्यावर पाठवावे. त्या पत्त्यावर त्याच्या नावाचा एकही कागद अजून आलेला नाही. लवकर लिहावे.

जबाब देणार,
गहिनीनाथ सखाराम फुंदे