सचिवसाहेबांचे दोन शब्द

कोणी मानलंच नाही माह्यं! संयोजकाले सांगतलं, हारवाल्या बाईले सांगतलं, चहावाल्या भैयालेही सांगतलं का बाप्पा, आमच्या ह्याईच्या हाती माईक देऊ नका, पोट्ट्याईची शर्यत राहून जाईन... तर सारे हसले! "अरे दीदी, भैया तो बस दो शब्द बोलेंगे।" दोनच शब्द म्हणे! तीस वर्सं झाले त्या दोन शब्दाईसोबत संसार करून राहिली, मले नाही ठाऊक?

तुमाले सांगते, आमचे हे, नरहरराव, एका काळचे शंभर मीटरवाले. रेल्वेनं नोकरी दिली ते पाय पाहून! मंग धावणं सुटलं, जिल्हा संघटनेचे सचिव झाले, अन् पाय थांबले तसं तोंड सुटलं. शाळेत बोलतात, बँकेत बोलतात, अहो, चौबे कॉलनीतल्या हळदीकुंकवात बी बोलले! "जीवन ही एक शर्यत आहे..." बाया वाण हातात धरून उभ्या! जो माणूस अकरा सेकंदात शंभर मीटर संपवे, त्याले एक वाक्य संपवाले पाव तास काहून लागते, सांगा बरं?

तर त्या दिवशी पोट्ट्याईची दोनशे मीटर. त्यात भनपुरीची पायल, ट्रक ड्रायव्हरची पोट्टी, दोन वर्सं ह्याईनंच शिकवलेली. निवडणारे दोघं साडेपाचच्या गाडीनं जाणार. त्याईच्या डोळ्यासमोर धावली तर राज्याच्या संघात, नाही तर संपलं. पुढच्या वर्सी वय बसत नाही तिचं. पाच वाजले, पोट्ट्या रेघेवर, अन् हे माईकवर... "मैं जब आपकी उम्र का था..." पाच वाजून दहा झाले तरी भाषणात ह्याईचं वय बाराच! दोनच शब्द! निवडणाऱ्याईनं पिशव्या उचलल्या. पायल रडकुंडीले आली, "काकी, कुछ करो ना!"

शर्यत सोडणारा यशोधन, त्याले म्हटलं, सोड ना रे! तर म्हणे, "सचिवसाहेब बोलून राहिले काकू, मी कसा सोडू?" म्हटलं, हव, आण इकडे त्या फळ्या! त्या दोन लाकडी फळ्या एकमेकीवर हाणल्या का शर्यत सुटते. चौथी शिकली मी, पण हुकूम पाठ आहे. छाती फोडून ओरडली, "ऑन युवर मार्क!"

भाषण बंद! अन् खोटं वाटन तुमाले, हे मंचावर खाली वाकले! दोन्ही हात जमिनीवर, गळ्यात हार, पाठीवर शाल! पाहुणे ओरडले, "चक्कर आ गया, पानी लाओ!" मी म्हटलं, "सेट!" तर कंबर वर! अन् फाट्!! पोट्ट्या इकडून, हे तिकडून, पायऱ्या उतरून सुटले ना बाप्पा! पंचवीस पावलं... अन् गुडघा धरून बसले मातीत.

पायल पहिली आली, निवडली बी गेली. धावत जाऊन ह्याईच्या पाया पडली. ह्याईचे डोळे भरलेले, अन् मले विचारतात काय, "वनमाला, सुरुवात चांगली झाली ना माही?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! "सचिव ने भाषण छोड़ा, बेटियों संग दौड़े।" आता तर बोलावणीच बोलावणी. काल ब्राह्मणपाऱ्यात ह्याईनं तो सारा किस्सा सांगतला, वाकून दाखवलं, कंबर वर करून दाखवली... दोन शब्दाईचा आधी पाऊण तास होता, आता सव्वा! तिथला संयोजक मले हात जोडून म्हणे, "दीदी, ये आधा घंटा किसने बढ़ाया?"

खोटं काहून बोलू? सांगून टाकलं... "ह्याच वनमालानं."