वाळूवर चढणारं जहाज

(भातकुली. नत्थुजी आणि मुलगा देवानंद आजच पोर्ट ब्लेअरहून परतलेत. देवानंद ज्या 'वनराज' जहाजावर खलाशी होता, ते नौदलानं निवृत्त केलं; त्या निरोप समारंभाला नत्थुजीही गेले होते. देवानंद आत झोपलाय. रुख्मिणी नवऱ्याला वाढते आहे.)

रुख्मिणी : मंग, खरंच तोंड उघडते का ते जहाज?

नत्थुजी : उघडते वं. मी इतके वर्षं पोराले फेकू समजून राहिलो होतो. सरळ वाळूवर चढते, समोरचे दारं उघडते, अन पोटातून रणगाडे उतरते. बेटाइले तांदूळ, सिमेंट, बकऱ्या, सारं त्यानंच नेलं म्हने. आता म्हातारं झालं. दिवस बुडताना झेंडा उतरवला, सरली नौकरी.

रुख्मिणी : देवा रडला असन.

नत्थुजी : तवा नाई. मंग एक पोरगी आली, तिथंच नर्सिंग शिकते. देवानंद कोन, म्हनून साऱ्याइले विचारून राहिली होती.

रुख्मिणी : कोनाची पोरगी?

नत्थुजी : त्सुनामीच्या साली याचा फोन नोयता येत, आठवते?

रुख्मिणी : विसरीन का मी? घास उतरत नोयता.

नत्थुजी : तवा हे जहाज निकोबारच्या एका बेटावर गेलतं. तिथला धक्का वाहून गेला होता. बाकीच्या जहाजाइले किनाऱ्याले लागताच येईना. हे वाळूवर चढलं अन अख्खं गाव पोटात घेतलं. त्याच्यात एक बाई होती, दिवस भरलेली. नवरा लाटेत गेलता. आपल्या देवानं तिले पाठीवर आनलं. रणगाडे उभे राहते तिथंच ती बाळंत झाली. हा आडोशाले ताडपत्री धरून उभा.

रुख्मिणी : अन आपल्याले एका शब्दानं नाई बोलला?

नत्थुजी : मीनं बी तेच विचारलं. म्हने, हे सांगतलं असतं तर बाकीचं पाह्यलेलं बी सांगा लागलं असतं.

रुख्मिणी : ...ते लेकरू म्हंजे हे पोरगी?

नत्थुजी : हेच. नाव मेरी वनराज. मायनं जहाजाचंच नाव ठेवलं. तिनं देवाचा हात धरला, तवा रडला तुहा पोरगा. अन मंग दोघं असे हासत सुटले, का कप्तानाले बी हासू आलं.

रुख्मिणी : तिचा नंबर आहे?

नत्थुजी : आहे. पन तुले हिंदी कुठी येते?

रुख्मिणी : तुमी लावा फोन... हॅलो, मेरी बेटा? मैं देवा की माय. हां, भातकुली से. आजी बोल रही, तेरी आजी.